उदबत्तीची काडी आणि चांद्याचा बांबू

आयोजकांनी मला विषय दिला होता ‘सण-उत्सव आणि आंतरराष्ट्रीय व्यापार’. विषय मोठा आहे. त्यात दिवाळीच्या चिनी माळा येतात, परदेशी जाणाऱ्या गणेशमूर्ती येतात, अमेरिकेतल्या मंडळांचे ढोल-ताशे येतात. यातलं मी काहीच बोलणार नाही. मी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाच्या इतिहासाचा अभ्यास करणारा माणूस आहे, त्यामुळे येताना खिशात एक काडी घेऊन आलो आहे. उदबत्तीची काडी. अजून मसाला न लागलेली, कोरी. आजचं सगळं व्याख्यान हिच्यावरच आहे.

ही मला कशी मिळाली ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी चंद्रपूरच्या गोल बाजारात गेलो होतो. उदबत्त्या, कापूर, वाती विकणाऱ्या एका ओळखीच्या दुकानदाराला सहज विचारलं, की काकाजी, ही काडी आपल्याच जंगलातली असेल ना? तो हसला. म्हणाला, “सर, काडी व्हिएतनामची हाय. आपल्या बांबूची कुठं येते आता?” आणि त्याने कोऱ्या काड्यांची एक जुडी माझ्या हातात ठेवली. त्याच्या दुकानापासून तास-दीड तासाच्या रस्त्यावर बांबूचं जंगल सुरू होतं. महाराष्ट्रातला बांबूचा सगळ्यात मोठा साठा या दोन जिल्ह्यांत आहे. आणि देवापुढे लावायची काडी मात्र समुद्र ओलांडून येते. हे कसं झालं, हा माझा प्रश्न.

आता यावर पटकन येणारी एक प्रतिक्रिया असते : ‘बघा, आपल्या सणांतसुद्धा परदेशी माल शिरला!’ तिथं जरा थांबू या. पूजेच्या ताटात परदेशी माल नव्हता असा काळ शोधायला गेलात, तर फार मागे जावं लागेल.

कापूर घ्या. ज्याला आपण भीमसेनी कापूर म्हणतो तो मुळात बोर्निओ आणि सुमात्रा बेटांवरच्या झाडांतून निघणारा. लवंग मलुकू बेटांची. तिथून निघून ती कित्येक हात बदलत आपल्या विड्यात आली. ‘ऊद’ हा शब्दच अरबी आहे, आणि अरबीत त्याचा अर्थ लाकूड, काष्ठ. ‘अगर’ म्हणजे आपला संस्कृत अगुरू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मौल्यवान वस्तूंच्या यादीत अगुरूचे प्रकार दिले आहेत, त्यात एकाचं नाव ‘पारसमुद्रक’ असं आहे. समुद्रापलीकडून येणारा. आणि मध्ययुगात अगुरूसाठी ज्या देशाचं नाव सगळीकडे गाजलं, तो चंपा देश म्हणजे आजच्या व्हिएतनामचा मधला आणि दक्षिणेचा किनारा. म्हणजे व्हिएतनामहून सुगंध येणं ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. तिथली देवळं शिवाची होती, तिथले राजे संस्कृतात शिलालेख कोरत होते, आणि तिथलं सुगंधी लाकूड जहाजांनी पश्चिमेकडे येत होतं.

मग बदललं काय? पूर्वी जे इथं उगवत नव्हतं ते बाहेरून यायचं. महाग यायचं, तोळ्यामाशाने यायचं. आज बाहेरून येतेय ती बांबूची काडी. ताटातली सगळ्यात स्वस्त, सगळ्यात बिनमहत्त्वाची वस्तू, जी आपल्या दारात उगवते. व्यापाराच्या इतिहासात हा उलटा प्रकार आहे, आणि म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो.

थोडं काडीबद्दल. आपल्या पूजेच्या पंचोपचारांत गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य आहेत. धूप आहे, काडी नाही. निखाऱ्यावर ऊद, राळ, गुग्गुळ टाकायचा ही आपली जुनी रीत. गावाकडे अजून देव्हाऱ्यात धुपाटणं दिसतं. बांबूच्या काडीवर मसाला वळून ती जाळायची ही पद्धत चीन आणि आग्नेय आशियात जुनी आहे. आपल्याकडे ती घरोघरी पोचली विसाव्या शतकात, आणि त्यात म्हैसूरचा वाटा मोठा. चंदन तिथलं, तेलं तिथली, वळणारे हात तिथले. आज ज्यांचा ब्रँड घरोघरी दिसतो त्या एन. रंगा राव यांनी म्हैसूरमध्ये धंदा सुरू केला तो १९४८ साली. म्हणजे ज्याला आपण ‘पूर्वापार’ म्हणतो ती उदबत्ती आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत घरात स्थिरावलेली आहे.

गंमत अशी की बांबू जाळू नये अशी समजूतही आपल्याकडे आहे. संस्कृतात बांबूला ‘वंश’ म्हणतात, आणि वंश कसा जाळायचा? तिरडीला बांबू लागतो, पण चुलीत घालत नाहीत, असं सांगणारी म्हातारी माणसं मी पाहिलेली आहेत. त्याच घरात सकाळ-संध्याकाळ दोन काड्या बांबू जळतो. धर्मात सोय कशी शिरते याचं हे उदाहरण आहे, टीका म्हणून सांगत नाही.

काडीला बांबू लागू लागला तेव्हा तो मुख्यतः ईशान्येकडून आला. त्रिपुरा हे त्याचं मोठं केंद्र. तिथला बांबू पातळ सालीचा, लांब पेरांचा, सुरीने सोलून हाताने काड्या काढायला सोपा. चांद्याचा बांबू तेव्हाही या बाजारात फारसा नव्हता. का नव्हता, ते बघायला इथल्या जंगलात यावं लागेल.

आमच्याकडे बांबूच्या दोन जाती मुख्य. एक मानवेल, दुसरी कटांग. कटांग काटेरी, जाड, नाल्याकाठी वाढणारा. मानवेल डोंगरउतारावर, बारीक, पण आतून जवळजवळ भरीव. लाठी करावी तर याचीच. या बांबूशी इथल्या माणसाचं नातं सणावारापेक्षा खोल आहे. पावसाळ्यात कोवळे कोंब येतात, त्यांना आम्ही वास्ते म्हणतो, त्याची भाजी होते. गोंड-माडिया घराची भिंत म्हणजे बांबूचा ताटवा आणि वर मातीचा लेप. धान्याची ढोली बांबूची. बुरूड समाज यावरच जगला. सूप, टोपल्या, परड्या. गुढी वेळूच्या काठीवर उभी राहते, लग्नाचा मांडव बांबूवर, महालक्ष्म्यांना सूप लागतं, बल्लारपूरसारख्या गावात बिहारकडची कुटुंबं छठ करतात तेव्हा त्यांनाही सूपच लागतं. एकही सण बुरुडाच्या घरावरून गेल्याशिवाय होत नव्हता.

हा सगळा व्यवहार ‘निस्तार’ या एका शब्दात बसायचा. निस्तार म्हणजे गावाच्या गरजेपुरतं जंगलातून आणण्याचा हक्क. मध्य प्रांतातला हा शब्द गडचिरोलीच्या म्हाताऱ्याला आजही समजतो. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, चांदा इंग्रजांकडे गेला. पुढे १८७८ चा वन कायदा आला आणि मोठाली जंगलं राखीव झाली. जमीनदारांच्या जंगलांत मात्र निस्तार बराच काळ टिकून होता. १९५० च्या कायद्याने जमीनदाऱ्या गेल्या. चांगलंच झालं, कोणी म्हणेल. पण जमीनदाऱ्यांबरोबर ती जंगलंही सरकारजमा झाली, आणि गावाचा हक्क वनखात्याच्या नोंदवहीत जाऊन बसला. काही ठिकाणी हक्काची ‘सवलत’ झाली. हा शब्दबदल मला नेहमी खटकतो. हक्क काढून घ्यायला लढावं लागतं, सवलत बंद करायला एक परिपत्रक पुरतं.

आता १९२७ च्या भारतीय वन कायद्याकडे या. त्यात ‘झाड’ या शब्दाची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येत बांबू घातलेला आहे. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत. कायद्याप्रमाणे झाड. हसू येईल असा फरक आहे, पण त्याचे परिणाम हसण्यासारखे नव्हते. झाड म्हटलं की तोडायला परवानगी, न्यायला वाहतूक परवाना, तपासणी नाक्यावर शिक्का. परवाना नसेल तर डोक्यावर चार बांबू घेऊन जाणारी बाई गुन्हेगार. आपल्याच शेतात बांबू लावला तरी तो विकताना हाच त्रास, म्हणून शेतकऱ्याने बांबू लावलाच नाही. ही व्याख्या बदलायला २०१७ उजाडलं. नोव्हेंबर २०१७ च्या अध्यादेशाने आणि नंतर कायद्याने, जंगलाबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ राहिला नाही. जंगलातल्या बांबूला मात्र वन कायदा अजूनही लागू आहे.

एकीकडे गावाला ही बंधनं, आणि दुसरीकडे कारखाना. १९४५ साली लाला करमचंद थापर यांनी बल्लारपूरला कागद गिरणी काढली. वर्ध्याचं पाणी, कोळशाच्या खाणी, रेल्वे आणि बांबू, सगळं एका जागी. गिरणीने हजारो लोकांना काम दिलं, बल्लारपूरचं शहर केलं, हे विसरायचं नाही. मी स्वतः त्या कागदाच्या वह्यांवर शिकलो. पण गिरणीला बांबू मिळायचा तो दीर्घ मुदतीच्या करारांवर, जंगलाचे पट्टेच्या पट्टे, आणि कवडीमोल दराने. गावातला माणूस त्या बांबूच्या कटाईत रोजंदार होता. धनी कधीच नव्हता. बुरुडाला कार्डावर मोजके बांबू मिळायचे, तेही आगारात वेळेवर आले तर.

आता विचार करा. काडी करणं, टोपली करणं, चटई करणं हे लहान धंदे. अशा धंद्याला रोज थोडा थोडा, निवडून आणलेला, ओला बांबू लागतो. इथल्या व्यवस्थेने बांबूची किंमत टनावर ठरवली, कारण लगद्याला टनच लागतो. साठ-सत्तर वर्षं बांबू म्हणजे लगदा, एवढंच समीकरण राहिलं. त्या काळात इथं काडीचं कसब तयार झालं नाही, यंत्रं आली नाहीत, व्यापारी तयार झाले नाहीत. त्यामुळे व्हिएतनामने आपली काडी हिरावली असं आपण म्हणतो तेव्हा मला वाटतं, थांबा. व्हिएतनाम फार नंतर आला. त्याच्या आधी ती काडी गावाच्या हातून आपणच काढून घेतली होती.

आता मी तुम्हाला एका वर्षाकडे नेणार आहे. २०११.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथं वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवले, निर्णय सर्वसहमतीने घ्यायची सवय लावली. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू हे ‘गौण वनोपज’ आहे असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे एका कायद्यात झाड, दुसऱ्या कायद्यात गौण वनोपज! मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभा म्हणाली, आता आम्ही बांबू विकणार. खातं म्हणालं, वाहतूक परवाना देणार नाही. हक्काचा कागद हातात आणि बांबू गावाबाहेर नेता येत नाही! शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. आपल्या बांबूचा परवाना आपण लिहायचा. भारतात असं पहिल्यांदाच घडत होतं. ते पुस्तक म्हणजे साधी पावतीबुकासारखी वही, पण तिच्यामागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास होता.

आणि त्याच २०११ मध्ये दिल्लीत दुसऱ्या एका टेबलावर अगरबत्तीवरचं आयातशुल्क ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं. त्याआधी १ जानेवारी २०१० पासून आग्नेय आशियाच्या ‘आसियान’ देशांबरोबरचा वस्तूंचा मुक्त व्यापार करार लागू झाला होता, त्यात व्हिएतनाम आहे. या दोन टेबलांवरच्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं असेल असं मला वाटत नाही. एका मंत्रालयाने गावाला सांगितलं, बांबू तुझा, विक. दुसऱ्या मंत्रालयाने त्याच वेळी बाजाराचं दार बाहेरच्यांना उघडलं.

परिणाम आकड्यांत बघा. हे आकडे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने दिलेले आहेत. कच्च्या अगरबत्तीची, म्हणजे वास न लावलेल्या बत्तीची आयात २००९ मध्ये ३१ कोटी रुपयांची होती. २०१९ मध्ये ती ५४६ कोटींवर गेली. देशाची रोजची अगरबत्तीची गरज अंदाजे १,४९० टन, आणि देशात तयार होत होती ७६० टन. रोजची, बरं का. वर्षाची नाही.

पण नुसत्या शुल्काने हे झालं नाही. यंत्राने झालं. हाताने बत्ती वळायची तेव्हा काडी चौकोनी असली, थोडी जाड-बारीक असली तरी चालायचं, कारण बोटांना कळतं. मग आली स्वयंचलित यंत्रं, चीन आणि व्हिएतनाममधूनच. त्या यंत्राला काडी लागते गोल, गुळगुळीत, सुमारे १.३ मिलिमीटर जाडीची, सगळ्या अगदी सारख्या. जरा वाकडी काडी आली की यंत्र अडकतं. म्हणजे ज्याने यंत्र विकलं त्याचीच काडी त्या यंत्रात नीट बसते. धंद्यात याहून चांगली युक्ती नाही.

आणि आपला मानवेल? त्याची पेरं आखूड. काडी आठ-नऊ इंचांची, आणि तिच्यात गाठ आलेली चालत नाही, कारण गाठीवर ती तुटते. लांब पेराच्या बांबूत दोन गाठींच्या मध्ये दोन, कधी अडीच काड्यांची लांबी मिळते. मानवेलात कशीबशी एक, आणि उरलेला तुकडा फुकट. शिवाय तो भरीव आणि कडक, यंत्राची पाती लवकर बोथट करणारा. हे मी मुद्दाम सांगतोय. कारण कायदा चांगला असता तर गडचिरोलीने सगळ्या देशाला काडी पुरवली असती, असं म्हणणं मला सोयीचं आहे, पण खरं नाही. निसर्गाने या बांबूला लाठीसाठी केलंय.

अजून एक हिशेब आहे, तो मला सगळ्यात बोलका वाटतो. काडी काढताना बांबूचा फक्त १६ टक्के भाग काडीत जातो. ८४ टक्के वाया. आयोगाच्याच म्हणण्याप्रमाणे भारतात बांबू टनाला ४ ते ५ हजारांना मिळतो आणि चीनमध्ये ८ ते १० हजारांना. म्हणजे त्यांचा बांबू दुप्पट महाग. तरी त्यांच्याकडे काडीचा उत्पादनखर्च टनामागे १२ ते १५ हजार, आणि आपल्याकडे २५ ते ४० हजार. कसं? ते ८४ टक्के फेकत नाहीत. त्याचा कोळसा करतात, भुसा दाबून फळ्या करतात, लगदा करतात. काडी हा त्यांच्यासाठी बांबूचा एक उपयोग आहे. आपल्याकडे बांबूचा कोळसा परदेशी विकायला बंदी होती. ती मे २०२२ मध्ये उठली. म्हणजे स्वस्त मजुरी, परकी कारस्थान वगैरे म्हणण्याआधी हा साधा हिशेब बघायला हवा.

आणि समोरचा माणूसही बघायला हवा. हनोईजवळ क्वांग फू काऊ नावाचं गाव आहे. तिथं पिढ्यान्पिढ्या धुपाच्या काड्या करतात. लाल रंगवलेल्या काड्यांच्या जुड्या उन्हात फुलासारख्या पसरून वाळत घातलेल्या असतात, त्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्यांचा मोठा सण म्हणजे ‘तेत’, चांद्र नववर्ष. त्या वेळी पूर्वजांपुढे धूप लावतात. त्याच गावच्या काड्या भारतात येतात. म्हणजे त्यांचा सण आणि आपला सण एका यंत्रावर जोडले गेलेत. त्या गावच्या बाया आणि आमच्या चामोर्शी-वडसाच्या बाया यांचं काम बहुतेक सारखंच. जमिनीवर बसून, नगावर किंवा किलोवर मजुरी.

आमच्या बाया म्हटलं, म्हणून सांगतो. २०१२ च्या सुमारास वनखात्याने गडचिरोलीत अगरबत्ती प्रकल्प सुरू केला. गावोगाव केंद्रं निघाली, बायांना यंत्रं मिळाली, कच्ची बत्ती करून मोठ्या कंपन्यांना द्यायची असा बेत. खात्याबद्दल मी इतकं कडू बोललो, तर हेही बोललं पाहिजे. जंगलात सरपणासाठी, मोहफुलांसाठी भटकणाऱ्या बाईला गावातच, सावलीत, बारमाही काम मिळावं ही कल्पना चांगलीच होती. अशा एका केंद्रात मी अर्धा दिवस बसलोय. एक बाई मला म्हणाली, “हाताला काम हाय, पण भाव आमच्या हातात नाही जी.” अर्थशास्त्राचं अख्खं पुस्तक वाचून मला एवढं कळलं नसतं. कोळशाची पूड, चिकटपणासाठी लागणारी जिगट पूड, काडी, यातलं किती बाहेरून येतं आणि कुठल्या भावाने, यावर तिचा दिवस ठरत होता. मुंबईच्या बंदरात उतरलेली गोणी आणि वैनगंगेकाठच्या बाईची संध्याकाळची कमाई यांत एवढं जवळचं नातं होतं.

मग सरकार जागं झालं. ३१ ऑगस्ट २०१९ ला, गणपतीच्या दोनच दिवस आधी, अगरबत्तीची आयात ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली. व्यापारी हुशार. बत्ती आणता येत नाही ना? मग काडी आणू. गोल काडीची आयात एका वर्षात २१० कोटींवरून ३७० कोटींवर गेली. तेव्हा जून २०२० मध्ये काडीवरचं शुल्क १० वरून २५ टक्के केलं. खादी आयोगाने त्याच वर्षी अगरबत्तीची मोहीम काढली. त्या वर्षी गणपती कसे बसले ते तुम्हाला आठवत असेल, मंडप नाहीत, मिरवणुका नाहीत. देवळं बंद. पण घरातल्या देव्हाऱ्यापुढे दोन काड्या लागतच होत्या.

२०१९-२० च्या निर्णयांनी काही घटक पुन्हा उभे राहिले हे खरं. पण भिंत उंच केली म्हणून घर बांधून होत नाही. पेराची लांबी, ८४ टक्के वाया, यंत्र, परवाना हे प्रश्न शुल्काने सुटणारे नव्हते. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र झालं, त्याचा निर्णय २०१४ चा. बांबूचीच देखणी इमारत, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ती आगीत जळाली. मी ते अवशेष पाहिलेत, त्यावर जास्त बोलवत नाही. केंद्राचं काम मात्र चालू राहिलं, तिथं शिकलेली मुलं-मुली आज फर्निचर, दागिने, शोभेच्या वस्तू करतात. चंद्रपूरच्या बायांनी केलेल्या बांबूच्या राख्या युरोपात गेल्या. मला यात एक दिशा दिसते. काडीत आपण किलोवर लढतोय, तिथं मानवेल हरणारच. राखीत, सुपात, गुढीच्या काठीत त्याचा कडकपणा, त्याची चकाकी कामाला येते. पण राख्यांवर दोन जिल्ह्यांचं पोट भरणार नाही, हेही लगेच सांगतो.

इथं सागाची एक आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. २९ मार्च २०२३ ला अयोध्येच्या राममंदिरासाठी आमच्या जंगलातला साग निघाला. बल्लारपूरला काष्ठपूजन झालं, शोभायात्रा निघाली, रस्त्यावर रांगोळ्या. माणसांना अभिमान वाटला, मलाही तो साग बघायला जावंसं वाटलं. सागाच्या वाट्याला मिरवणूक येते. बांबू मात्र रात्री ट्रकमधून जातो, आणि परत येतो तो गोणीतून, दुसऱ्या देशाचा होऊन.

शेवटी पाचगावला जाऊन थांबतो. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात आहे. २०१२ मध्ये त्यांना हजारेक हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. त्यांनी आपले नियम आपण लिहिले. तेंदूपान तोडायचं नाही असं ठरवलं, कारण त्यासाठी फांद्या छाटतात, आगी लावतात. हातचं उत्पन्न त्यांनी सोडलं. बांबू मात्र विकायचा, पण कोवळा तोडायचा नाही, हिशेब ग्रामसभेपुढे मांडायचा. गडचिरोलीत आज हजाराहून जास्त गावांकडे असे हक्क आहेत. या गावांनी आता बांबू टनावर विकायचा, नगावर विकायचा, की स्वतः चिरून विकायचा, आणि कोणाला, यावर त्यांच्या सभांमध्ये वाद होतात. असल्या सभा रात्री उशिरापर्यंत चालतात. मी ऐकत बसतो. पूर्वी हा वाद करायचा अधिकारच त्यांना नव्हता.

वेळ संपत आली. प्रश्न घेऊच, पण त्याआधी माझं एक काम आहे तुमच्याकडे. या इतिहासाची कागदपत्रं वनखात्याच्या बाजूची भरपूर आहेत, लोकांच्या बाजूची फार थोडी. कोणाच्या घरी बुरुडाचं जुनं बांबू कार्ड असेल, आगारातली पावती असेल, १९८२ च्या आधीची, म्हणजे गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायच्या आधीची काही नोंद असेल, किंवा जुन्या उदबत्तीचा पुडा एखाद्या पोथीत खुणेला ठेवलेला असेल, तर तो मला बघायला द्या. फोटो चालेल. पुड्यावर गावाचं नाव छापलेलं असतं, त्यावरून काडी कुठून निघाली ते शोधत जाता येतं. हं, आता विचारा. तिकडे मागच्या रांगेत कोणीतरी हात वर केलाय, तिथून सुरुवात करू.